फॉक्सप्रो : मोंढ्यात रुळलेली भाषा

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत ही गावं नव्या जिल्ह्यात गेली. ज्यांच्या कॉम्प्युटरवर जिल्ह्याच्या याद्या होत्या, मग त्या सभासदांच्या असोत, बियाणं विक्रेत्यांच्या असोत की शाळांच्या, त्यांना शेकडो-हजारो नोंदींतलं जिल्ह्याचं नाव बदलणं भाग होतं. फॉक्सप्रो या डेटाबेसच्या भाषेत ते एका ओळीचं काम होतं. ‘रिप्लेस ऑल जिल्हा विथ हिंगोली फॉर तालुका = कळमनुरी’ असं लिहून एंटर दाबायचं, किती नोंदी बदलल्या तो आकडा पडद्यावर यायचा. मग त्याच ओळीवर परत जाऊन कळमनुरीच्या जागी वसमत टाकायचं आणि पुन्हा एंटर. शासनाच्या एका अधिसूचनेची अंमलबजावणी चहा थंड व्हायच्या आत.

ज्यांनी त्या काळात हे काम केलं, ते आजही फॉक्सप्रोबद्दल बोलताना हळवे होतात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. ती खरोखर उत्तम वस्तू होती. परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड, जिंतूर अशा बाजारपेठेच्या गावांत नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर आले ते हिशोबासाठी. आडत दुकान, जिनिंग, पतसंस्था, खताचं दुकान, दवाखाना, सगळ्यांची गरज एकच होती : नावांची यादी, पैशांची नोंद आणि छापलेला कागद. या तिन्हींसाठी वेगवेगळी अवजारं घ्यावी लागत नव्हती. तक्ता, भाषा, पडदा आणि छपाई हे सगळं एकाच पेटीत मिळत होतं.

या भाषेचं मूळ मात्र फार लांबचं. वेन रॅटलिफ नावाचा अभियंता कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीशी संबंधित कामात होता. ऑफिसातल्या फुटबॉलच्या पैजेत जिंकता यावं म्हणून सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्याने घरच्या कॉम्प्युटरवर माहिती साठवणारा एक प्रोग्राम लिहिला आणि त्याला ‘व्हल्कन’ नाव दिलं. अ‍ॅश्टन-टेट कंपनीने तो ‘डीबेस टू’ म्हणून बाजारात आणला. ‘डीबेस वन’ कधी नव्हताच. आधीची आवृत्ती असली की गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो, एवढाच त्यामागचा हिशोब. पुढे १९८८ मध्ये आलेला ‘डीबेस फोर’ चुकांनी इतका भरलेला होता की कंपनीचा पायाच खचला. तोवर ओहायो राज्यातल्या पेरिसबर्ग या छोट्या गावी फॉक्स सॉफ्टवेअरने तीच भाषा बोलणारं, पण कित्येक पटींनी वेगवान अवजार तयार केलं होतं. अ‍ॅश्टन-टेटने फॉक्सला कोर्टात खेचलं. खटला चालू असतानाच, १९९१ मध्ये, अ‍ॅश्टन-टेट बोरलँडने विकत घेतली. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्स घेतली. आपल्याकडे जो फॉक्सप्रो २.६ घराघरांत म्हणावा इतका पसरला, तो या घडामोडींनंतरचा.

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हा प्रोग्राम काय करायचा, ते एका पट्टीवरून, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशोबाच्या कागदावरून, समजून घेऊ. शेतकरी तूर घेऊन येतो. काट्यावर वजन होतं, काटापट्टी मिळते. सौद्यात भाव ठरतो. समजा, माल ४ क्विंटल ३५ किलो आणि भाव ५,६०० रुपये. ढोबळ रक्कम २४,३६०. त्यातून हमाली वजा, तोलाई वजा, आधी घेतलेली उचल असेल तर ती वजा, आणि उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या हातात. पट्टीशिवाय हाच व्यवहार रोजमेळात, खरेदीदाराच्या खात्यात आणि बाजार समितीला द्यायच्या हिशोबात जायला हवा. मुनीमजी हे सगळं चार वह्यांत चारदा लिहीत. फॉक्सप्रोत ते एकदा भरलं की चारही ठिकाणी जायचं. पण त्यासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्याला आधी मुनीमजींशेजारी बसावं लागे. हमाली पोत्यावर की क्विंटलवर, पैसे पूर्णांकात करायचे की नाही, उचलीवर व्याज कधीपासून, हे पुस्तकात मिळत नाही. बरेच जण कॉम्प्युटरच्या क्लासमधून सहा महिन्यांत शिकून बाहेर पडलेले असत, पण आडतीचा व्यवहार त्यांना दुकानात बसूनच शिकावा लागला. शेठ गादीवर, प्रोग्राम लिहिणारा मुलगा स्टुलावर, आणि शेठ म्हणतात, ‘असं नाही, आधी हमाली काढ.’ मुलगा तिथल्या तिथे ओळ बदलतो आणि पट्टी पुन्हा छापतो. दुरुस्ती आणि तपासणी यांत पाच मिनिटांचंही अंतर नसे.

प्रत्येक प्रोग्रामची सुरुवात ठरलेली. सेट टॉक ऑफ. सेट डिलिटेड ऑन. सेट डेट ब्रिटिश. ही तिसरी ओळ विसरली तर तारीख अमेरिकन पद्धतीने, महिना आधी, अशी छापली जाई आणि ३ ऑक्टोबरची पट्टी १० मार्चची वाटे. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला आधी क्रमांक १५ चा संकेत पाठवला की अक्षरं बारीक होत, आणि खतावणीचे सगळे रकाने ऐंशी अक्षरांच्या अरुंद कागदावर बसत; १८ पाठवला की पुन्हा मूळ आकार. हे आकडे लोकांना आपल्या दुकानाच्या फोन नंबरासारखे पाठ होते.

मराठीचा प्रश्न वेगळा होता. बहुतेकांनी नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांतच भरली, त्यामुळे एकच ज्ञानेश्वर तीन स्पेलिंगांनी तीन खातेदार व्हायचा. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवलं तर विंडोजच्या आधीच्या डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. ते खरोखर मोठं काम होतं, पण कार्ड परवडणारी दुकानं थोडी.

फॉक्सप्रोचे दोषही तितकेच ठोस होते. तक्त्यात किती नोंदी आहेत तो आकडा फाइलच्या सुरुवातीला लिहिलेला असतो. नोंद लिहून झाली, पण हा आकडा बदलायच्या आत वीज गेली, की दोहोंचा मेळ बसत नाही आणि उघडताना फॉक्सप्रो सांगतो की ही डेटाबेस फाइलच नाही. भारनियमनाच्या वर्षांत, जेव्हा मराठवाड्यात दिवसातले कित्येक तास वीज नसे, तेव्हा हा संदेश लोकांनी किती वेळा पाहिला असेल! मग सॉफ्टवेअरवाल्याला फोन. ‘सर, खातं उघडेना.’ सर मोटरसायकलवर येणार, सुरुवातीचा आकडा हाताने दुरुस्त करणार, इंडेक्स पुन्हा बांधणार. एका फाइलला दोन गिगाबाइटची मर्यादा होती, कुलूपबंदी नावापुरती होती. तक्ता साठवणारी डीबीएफ फाइल ज्याच्या हाती पडेल त्याला ती वाचता येई, कारण आतले आकडे आणि नावं साध्या अक्षरांतच साठवलेली असतात.

आणखी एक विचित्र गोष्ट घडली. कॉम्प्युटर जसे वेगवान झाले तसा जुना फॉक्सप्रो सुरू होतानाच ‘शून्याने भागाकार’ म्हणून बंद पडू लागला. यंत्राचा वेग मोजायला त्यात एक छोटी मोजणी होती. नव्या प्रोसेसरवर ती इतक्या लवकर संपे की लागलेला वेळ शून्य येई. त्यावर उपाय निघाले. नंतर ६४ बिटचा विंडोज आला आणि त्याने डॉसचे १६ बिट प्रोग्राम चालवणंच सोडलं. तरी काही दुकानांनी जुने डॉस प्रोग्राम चालवणारं डॉसबॉक्स टाकून, किंवा एक जुनं यंत्र जपून, काम चालू ठेवलं.

पण फॉक्सप्रो मेला तो या दोषांनी नव्हे, असं माझं ठाम मत आहे. दोष दुरुस्त होत होते. १९९५ नंतरचा व्हिज्युअल फॉक्सप्रो विंडोजवर चालायचा, नवव्या आवृत्तीपर्यंत तो बराच सुधारला. अडचण मालकाची होती. मायक्रोसॉफ्टकडे स्वतःचा अ‍ॅक्सेस हा डेटाबेस होता, मोठ्या कंपन्यांना विकायला एसक्यूएल सर्व्हर होता. फॉक्सप्रोत बनवलेला प्रोग्राम शंभर दुकानांत दिला तरी दर यंत्रामागे मायक्रोसॉफ्टला काही मिळत नव्हतं. डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या नव्या घरात त्याला खोली दिली गेली नाही. मार्च २००७ मध्ये जाहीर झालं की दहावी आवृत्ती निघणार नाही. जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला आधारही संपला. ज्या लोकांनी या भाषेवर पंधरा-वीस वर्षं रोजीरोटी चालवली, त्यांना त्यात कुणी विचारलं नाही.

मग माणसं पांगली. पुण्याला गेलेले व्हिज्युअल बेसिक, मग सी शार्प, मग जावा असं शिकत गेले. त्यातही व्हिज्युअल बेसिक ६ ची गत २००८ मध्ये तीच झाली, म्हणजे काहींना दोनदा नव्याने सुरुवात करावी लागली. गावात राहिलेल्यांपैकी बरेच टॅलीकडे वळले. १९८६ मध्ये सुरू झालेलं बंगळुरूचं हे हिशोबाचं सॉफ्टवेअर तयार माल होतं, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाल्यावर दुकानदारांनी स्वतःच ते मागितलं. पण आडतीची पट्टी टॅलीत आपोआप निघत नाही. ती बसवायला टीडीएल ही टॅलीची स्वतःची भाषा शिकावी लागते, आणि ती चांगली शिकले ते ज्यांना हमाली आधी काढायची असते हे आधीच ठाऊक होतं. भाषा बदलली, व्यवहाराचं ज्ञान तेच राहिलं. बाहेरून आलेल्या कुशल प्रोग्रामरकडे ते नसतं.

कॉलेजांत याच काळात टर्बो सी++ शिकवला जात होता, तो अ‍ॅश्टन-टेट विकत घेणाऱ्या बोरलँडचा, निळ्या पडद्याचा. कंपनीने केव्हाच सोडून दिलेलं ते अवजार आपल्याकडे अनेक वर्गांत डॉसबॉक्सच्या आधाराने कितीतरी वर्षं चाललं. त्याबद्दल मला फॉक्सप्रोइतकी माया वाटत नाही. दुकानदार जुनं अवजार वापरतो तेव्हा त्याचा हिशोब होतो. विद्यार्थ्याला जुनं शिकवलं तर नोकरीच्या मुलाखतीत तोच अडतो.

जे हरवलं ते नेमकं सांगायचं तर हे : एका माणसाच्या डोक्यात संपूर्ण मावणारा प्रोग्राम. आज तीच पट्टी वेबवर बनवायची तर डेटाबेसची भाषा वेगळी, सर्व्हरची वेगळी, ब्राउझरची वेगळी, पीडीएफ काढायची सोय आणखी वेगळी. प्रत्येक थर आपल्या वेळापत्रकाने जुना होतो. जिंतूरला बसून एकट्याने ते सांभाळणं कठीण आहे, म्हणून ते काम शहरातल्या कंपनीकडे जातं, आणि ‘आधी हमाली काढ’ म्हणणाऱ्या शेठच्या दुरुस्तीला तिकीट क्रमांक मिळतो.

डीबीएफ फाइल मात्र मेलेली नाही. नकाशाच्या कामात शेपफाइल नावाचा प्रकार जगभर चालतो; गावाच्या सीमा, पाणलोट, पिकांचं क्षेत्र त्यात साठवतात. त्या शेपफाइलसोबतची माहिती डीबीएफमध्येच असते. कृषीचा किंवा भूगोलाचा विद्यार्थी आज रकान्याला लांब नाव देतो आणि जतन केल्यावर दहाच अक्षरं उरलेली पाहून गोंधळतो. ती मर्यादा डीबेसच्या काळापासून चालत आली आहे. पायथॉनमध्ये डीबीएफ वाचायला दोन-चार ओळी पुरतात. जुन्या पतसंस्थेची किंवा आडतीची माहिती नव्या व्यवस्थेत आणताना नव्या मुलांना तेच करावं लागतं. फॉक्सप्रोत खोडलेली नोंद लगेच पुसली जात नाही, तिच्या पुढे फक्त एक तारांकन लागतं आणि ‘पॅक’ म्हणेपर्यंत ती जागेवर असते. ते तारांकन न तपासता सगळं उचललं, तर बंद झालेली खाती पुन्हा जिवंत होतात. आणि ‘आरकेएम२’ नावाच्या रकान्यात उचल आहे की व्याज, हे कुठल्याही भाषेला सांगता येत नाही. त्यासाठी ज्यांनी तो रकाना बनवला त्यांना फोन करावा लागतो, आणि ते अजून फोन उचलतात तोवर तो करून उत्तर कागदावर लिहून ठेवायला हवं.