माया विणकरणींचा वारसा आणि बाजारपेठेचे आव्हान

माया संस्कृती म्हटले की डोळ्यांसमोर येतात ती तिकालची उंच पिरॅमिड मंदिरे. मात्र ही संस्कृती केवळ अवशेषांत उरलेली नाही. ग्वाटेमालात आजही 20हून अधिक माया भाषा बोलल्या जातात आणि तेथील स्त्रियांनी हातांनी विणलेल्या वस्त्रांतून ती रोज वावरताना दिसते.

या वस्त्रांत सर्वांत महत्त्वाचा 'हुइपील', म्हणजे माया स्त्रियांचा सैलसर पोलका. तो विणण्याचा माग अगदी साधा असतो. ताण्याचे एक टोक झाडाला वा खांबाला बांधतात आणि दुसरे पट्ट्याने विणकरणीच्या कमरेला. ती मागे-पुढे झुकून ताण कमी-जास्त करते. नागालँडमधील स्त्रियाही अशाच मागावर शाली विणतात. नक्षी वेगळ्या धाग्याने विणतानाच भरली जाते. त्यामुळे एका भरजरी हुइपीलला काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत वेळ लागतो. स्कर्टच्या कापडासाठी धागे आधी बांधून रंगवतात. आपल्या इकतशी नाते सांगणाऱ्या या पद्धतीला तेथे 'हास्पे' म्हणतात.

रंग आणि नक्षीवरून स्त्रीचे गाव ओळखता येते. ही ओळख एकेकाळी जिवावर बेतली होती. 1960 ते 1996 या काळातील यादवी युद्धात दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली वा बेपत्ता झाली. त्यांतील बहुसंख्य माया होती. त्या दिवसांत अनेक स्त्रियांनी आपल्या गावाचा हुइपील अंगावर घालणे सोडले होते.

आजचे संकट बाजारपेठेचे आहे. यंत्रावर छापलेली स्वस्त नक्कल सर्वत्र मिळते. माया नक्षी कारखानदार आणि फॅशन व्यावसायिक वापरतात. त्याचा मोबदला मात्र विणकरणींपर्यंत पोहोचत नाही. म्हणून 2016 मध्ये त्यांच्या संघटनांनी घटना न्यायालयात धाव घेतली. नक्षीवर एका व्यक्तीचा नव्हे, तर समाजाचा सामूहिक हक्क मानावा, ही त्यांची मागणी होती. संसदेने या वारशाच्या संरक्षणासाठी कायदा करावा, असे न्यायालयाने 2017 मध्ये सुचवले. प्रश्न असा, की बौद्धिक संपदेचे प्रचलित कायदे निर्माता कोण, हे विचारतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नक्षीला असा एकच निर्माता कोठून दाखवणार?

पर्यटकालाही येथे भूमिका आहे. चिचिकास्तेनांगोचा प्रसिद्ध बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो. तेथे कापडाची उलटी बाजू पाहावी. छापील कापडाची मागची बाजू फिकी वा कोरी असते, तर हाताने विणलेल्या कापडात नक्षीचे धागे प्रत्यक्ष वीणेत गुंतलेले दिसतात. अतितलान सरोवराकाठच्या सान हुआन ला लागुना येथे स्त्रियांच्या सहकारी संस्थांत नैसर्गिक रंगकाम पाहता येते आणि थेट खरेदीही करता येते. घासाघीस तेथील बाजाराची रीतच आहे. परंतु किंमत पाडण्यापूर्वी त्यामागील दिवसांचा हिशेब मनात जरूर करावा.