बर्टची बोली का फसली?

‘मेरी पॉपिन्स’ (१९६४) हा माझा अत्यंत लाडका चित्रपट. त्यात अमेरिकी अभिनेते डिक व्हॅन डाइक लंडनचा बर्ट झाले. नाचले अप्रतिम, पण त्यांची कॉकनी (लंडनच्या कामगारवर्गाची) बोली ब्रिटिशांना पटली नाही. २०१७ मध्ये त्यांनी त्याबद्दल माफीही मागितली.

असं का होतं? कॉकनीत ‘डे’ हा शब्द ‘डाय’कडे झुकतो, शब्दारंभीचा ‘ह’ गळतो, ‘बटर’मधला ‘ट’ घशातच अडतो. बाळाचा कान पहिल्या वर्षातच घरच्या भाषेतल्या ध्वनींना सरावतो. पुढे असे परके भेद टिपणं अवघड जातं. ‘चहा’ आणि ‘चाक’ यांतले दोन ‘च’ अनेक अमराठी माणसांना एकसारखेच वाटतात. म्हणून नवी बोली शिकताना आधी भरपूर ऐका; कान तयार झाला की जीभ वळते.