गाभ्रीचा पाऊस : शिवीच्या नावाचा सिनेमा

मंडळी, आधी कबुली देतो. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे ‘गाभ्रीचा’ हा शब्द मला अमरावतीच्या हॉस्टेलवर येईपर्यंत माहीत नव्हता. पहिल्याच आठवड्यात नळाला पाणी नाही म्हणून माझा अकोटचा रूममेट तो ओरडला. नेमका अर्थ छापला तर संपादक सर हे पानच काढतील. ही शिवी आहे, एवढं पुरे. आणि इकडे ती माणसालाच नाही तर बंद पडलेल्या मोटरला आणि पावसालाही घालतात.

सतीश मनवर यांनी २००९ साली आपल्या पहिल्याच सिनेमाला हे नाव दिलं. मागच्या महिन्यात आमच्या विंगने तो लॅपटॉपवर पाहिला. शेतकरी आत्महत्येचा पिक्चर म्हटल्यावर निम्मे लोक ‘रडायचं काम आहे बे’ म्हणून निघून गेले. त्यांचं चुकलं.

गोष्ट साधी आहे. शेजारच्या एका शेतकऱ्याने जीव दिला. तेव्हापासून अलकाला (सोनाली कुलकर्णी) आपल्या नवऱ्याची, किसनाची (गिरीश कुलकर्णी), भीती वाटू लागते. तो जरा गप्प बसला की हिच्या पोटात गोळा. मग ती सासूला (ज्योती सुभाष) आणि छोट्या पोराला त्याच्यावर पाळत ठेवायला लावते, चांगलंचुंगलं रांधून घालते. बिचाऱ्या किसनाला पत्ताच नाही. आपण चक्क हसतो, आणि हसताना जीव मुठीत असतो. ‘पीपली लाइव्ह’ (२०१०) याच विषयावर हसवतो, पण तिथे हसू टीव्हीवाल्यांवर आणि पुढाऱ्यांवर आहे. इथे ते घरातल्या भीतीतून येतं, म्हणून जास्त टोचतं.

आता पावसाला शिवी का, ते मेकॅनिकलच्या पोरांसाठी सांगतो. वऱ्हाडातला कापूस बहुतेक कोरडवाहू. जूनमध्ये मृगाचे एकदोन पाऊस झाले की पेरतात, कारण उशीर झाला तर उत्पन्न घटतं. पण नंतर पावसाने दडी मारली की अंकूर करपतो, बियाण्याचे पैसे मातीत. मग दुबार पेरणी, म्हणजे पुन्हा कर्ज. आणि बोंडं फुटल्यावर धो धो आला तर कापूस भिजतो. न येऊनही मारतो, येऊनही मारतो.

सिनेमा इथेच थोडा फसतो, असं माझं मत. पाळतीची गंमत दोनतीनदा जास्तच होते आणि उत्तरार्धात एकामागून एक संकटं रांगेत येतात. शिवाय सगळा दोष आभाळावर जातो. भाव, कर्ज, बियाण्याचा खर्च यांचा हिशोब धूसर राहतो. २००६ मध्ये केंद्राने अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज दिलं, ते काही फक्त पाऊस लहरी म्हणून नव्हे. रूममेटच्या मते भाषाही मधूनमधून पुण्याकडे घसरते. मला ते कळलं नाही, मीच अजून ‘मले-तुले’ शिकतोय.

तरी पहिल्या सिनेमात एवढं धाडस म्हणजे मानलं. मनवरांच्या पुढच्या सिनेमाचं नावही इकडच्याच बोलीत आहे, ‘तुह्या धर्म कोंचा?’ (२०१३). तो मी अजून पाहिलेला नाही.

पिक्चर संपल्यावर मी रूममेटला म्हटलं, पोराला बापाच्या मागे पाठवणं जरा फिल्मीच वाटतं ना? तो चार्जर गुंडाळत होता.

“काहून? मी चौथीत होतो तवा मायनं मले डबा घेऊन वावरात धाडलं होतं. बाबाजवळच बसून राह्यजो म्हणे, घरी संगच या. मले वाटे, शाळा बुडली, मजा आहे.”

मग तो बाहेर व्हरांड्यात गेला आणि त्याने घरी फोन लावला. रात्रीचे साडेअकरा झाले होते.