व्हॉलीबॉल कोर्ट : वर काय, खाली काय?

मित्रांनो, हॉस्टेलमागे आपल्या हाताने व्हॉलीबॉल कोर्ट करायचं, यावर मेसमध्ये सगळ्यांचं एकमत आहे. भांडण आहे ते 'टाकायचं काय' यावर. एक पार्टी म्हणते काँक्रीट, दुसरी म्हणते वाळू, तिसरी म्हणते आहे त्याच मातीत नेट बांधा. मी सिव्हिलला आहे, म्हणून हा लेख माझ्या गळ्यात पडला. कॉन्व्हेंटमधलं मराठी आहे, सांभाळून घ्या!

आधी खालची माती बघू. आपल्या पुस्तकातली 'ब्लॅक कॉटन सॉइल' म्हणजेच गावाकडची काळी माती. तिच्यातलं माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आक्रसतं. म्हणून मे महिन्यात भेगांमध्ये बोट जातं आणि जुलैत चप्पल रुतून बसते. तिसरी पार्टी इथेच आऊट.

काँक्रीट : दिसायला झकास, पण खालची माती दरवर्षी वरखाली होणार आणि पातळ स्लॅबला तडे जाणार. शिवाय काँक्रीट दबत नाही. उडी मारून खाली आलो की सगळा धक्का गुडघा आणि घोट्यावर. बॉलसाठी डाइव्ह मारली तर कोपराचं सालपट निघणार ते वेगळंच.

वाळू : बीच व्हॉलीबॉलचं कोर्ट १६ × ८ मीटर असतं आणि नियमाप्रमाणे वाळू किमान ४० सेंमी खोल लागते. भोवती ३ मीटर मोकळी जागा धरली तर सुमारे ४३ ब्रास! कॉन्ट्रिब्युशन काढून एवढी वाळू कोण आणणार?

मुरूम : माझं मत याला. मुरूम म्हणजे आपल्याच बेसॉल्टचा झिजलेला भुगा. पाणी निचरतो, रोलरने बसतो, पायाला थोडी माया दाखवतो. कोर्ट १८ × ९ मीटर, भोवती ३ मीटर धरून ३६० चौरस मीटर. १० सेंमी थर म्हणजे ३६ घनमीटर, पण दाबल्यावर तो बसतो, म्हणून १६-१७ ब्रास मागवावा लागेल.

काम करताना चार गोष्टी सांभाळा :

१) खड्डा खणू नका. खणला तर पावसात त्याचा हौद होईल. फक्त गवत आणि मुळं काढा, थर जमिनीच्या वर ठेवा आणि कडेने चर काढा.

२) मुरूम दोन थरांत टाका. थोडं पाणी मारून मूठ वळा. गोळा झाला आणि हात कोरडा राहिला तर रोलर फिरवा. हाताला चिखल लागला तर एक दिवस थांबा.

३) वरचे दोन सेंमी चाळलेला बारीक मुरूम वापरा. क्रशरची कच फुकट मिळाली तरी वर नको, तिच्या धारेने गुडघे फुटतात.

४) उतार मीटरला ५ मिमी. बाहेरच्या कोर्टला नियमात एवढी सूट आहे. नेटपासून मागच्या रेषेपर्यंत ९ मीटरला ४५ मिमी. रेषा फक्कीने आखा. विटा पुरून केलेल्या रेषा नियमात बसत नाहीत आणि त्यांना ठेचही लागते.

मुरमाचा तोटाही सांगतो. दर पावसाळ्यानंतर खळगे भरून रोलर फिरवावा लागेल आणि उन्हाळ्यात धूळ बसायला संध्याकाळी पाणी मारावं लागेल. पण तेवढं काम आपण तीस-चाळीस जण एका रविवारी उरकू. फुटलेलं काँक्रीट आपल्याला दुरुस्त करता येणार नाही आणि गुडघा तर नाहीच नाही. आता मेसमध्ये मत देताना एवढं लक्षात ठेवा.