मिटलेली चीर

गिटारचं पिकगार्ड घरी करायचं ठरवलं, तेव्हा मी जिगसॉ पूर्ण वेगात सोडला. 3 मिमीची काळी अ‍ॅक्रिलिक शीट आणि तिच्यावर आखलेली रेघ. पातं सरसर पुढे गेलं. मशिन बंद करून तुकडा उचलायला गेलो, तर तो निघेचना. पात्यामागे चीर पुन्हा मिटली होती! घर्षणाने वितळलेला भुसा तिच्यात थिजून बसला होता. वैतागून जोर लावला आणि शीट रेघ सोडून भलतीकडेच तडकली.

अ‍ॅक्रिलिकचा स्वभाव कळायला एवढा प्रसंग पुरे. साधारण 105 अंश सेल्सिअसच्या आसपास ते मऊ पडू लागतं आणि बोथट, वेगवान पातं तिथवर चुटकीसरशी पोचतं. तेव्हा खरं कसब कापण्यात नाही, माल थंड ठेवण्यात आहे.

जर्मनीतल्या ओटो र्‍योम यांच्या कंपनीने 1933 साली अ‍ॅक्रिलिकसाठी 'प्लेक्सिग्लास' हे नाव नोंदवलं. ब्रिटनमध्ये हाच पदार्थ 'पर्स्पेक्स' झाला. काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचा म्हणून दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांवर त्याचे पारदर्शक घुमट बसले. गिटारमध्ये तो गाजला 1969 साली. डॅन आर्मस्ट्राँग यांनी अँपेग कंपनीसाठी आरपार दिसणारी गिटार केली आणि त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सच्या गळ्यात ती दिसली. मंचावर देखणी, खांद्याला मात्र भारी, कारण अ‍ॅक्रिलिक नेहमीच्या आल्डर लाकडाच्या दुपटीहून जड असतं. म्हणून घरच्या कारागिराने अख्ख्या बॉडीच्या नादी लागू नये, असं माझं मत. मानेच्या टोकाला तारा पेलणारा नटही हाडाचाच बरा. पिकचे ओरखडे झेलणारी पाटी, म्हणजे पिकगार्ड, हे अ‍ॅक्रिलिकचं खरं काम.

शीट दोन जातींची मिळते. ओतीव, म्हणजे कास्ट, थोडी महाग. तिचा भुसा कोरडा पडतो. एक्स्ट्रुडेड स्वस्त, पण ती लवकर चिकट होऊन पात्याला लोंबते. कास्टच घ्या. नेमप्लेट किंवा ट्रॉफी करणाऱ्याकडे उरलेले तुकडे मागून पाहा. पिकगार्डपुरता तुकडा बहुधा निघतोच. वरचा कागद काम संपेपर्यंत काढू नका.

सरळ कड हवी असेल तर करवत लागतच नाही. पट्टी धरून कटरने सातआठ वेळा रेघ खोल करायची, ती टेबलाच्या कडेवर आणून एकदाच दाबायचं. वळणांसाठी आधी प्लायवूडचा फर्मा करा आणि त्याच्या कडा मनासारख्या घासून घ्या, कारण त्याचा प्रत्येक खड्डा पुढे अ‍ॅक्रिलिकवर उतरतो. तो दुहेरी टेपने शीटवर चिकटवून दोनतीन मिमी बाहेरून कोपिंग सॉने कापायचं. हात दमतो, पण पातं तापत नाही. साबणाच्या पाण्याचा थेंब सोडत राहिलं की चीर मिटत नाही. उरलेली कड बेअरिंग असलेल्या बिटने राऊटरवर फर्म्याबरोबर आणायची, एका जागी न रेंगाळता.

भोकं पाडताना सर्वांत जास्त तुकडे वाया जातात. धातूचं बिट पलीकडे निघताना शीटला हिसका देतं आणि तडा जातो. बिटची धार दगडावर किंचित मारून घ्या, खाली लाकूड घट्ट धरा, वेग कमी ठेवा. भोक स्क्रूपेक्षा अर्धा मिमी मोठं हवं. 30 सेंमी लांबीचं पिकगार्ड 20 अंशांच्या फरकाने सुमारे 0.4 मिमी वाढतं. त्याला सरकायला जागा नसेल तर ते स्क्रूपाशी चिरतं. 1954च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरचं पिकगार्ड 8 स्क्रूंवर बसायचं, 1959 पासून 11 झाले. म्हणजे आपल्याला 11 ठिकाणी संयम!

कडेला मात्र वेळ द्या, निम्मं काम तिथेच आहे. आधी हॅक्सॉ ब्लेडच्या पाठीने खरवडून करवतीच्या खुणा काढायच्या. मग लाकडी ठोकळ्यावर वॉटर पेपर: 240, 400, 800, 1200, सगळं पाण्यात भिजवून. मधला नंबर गाळला, तर आधीच्या नंबरचा ओरखडा शेवटच्या चकाकीत हमखास दिसतो. शेवटी मऊ फडक्यावर धातूचं पॉलिश.

ज्योतीने कड क्षणात चमकते, म्हणून मोह होतो. पण त्या आचेने कडेत ताण साठतो आणि पुढे कधी स्पिरिट किंवा थिनरचा बोळा फिरवला की बारीक तड्यांचं जाळं उमटतं. लेझरने कापलेल्या कडेचंही तेच. 80 अंशांच्या आसपास तासदीडतास शेकून सावकाश निववली तर ताण उतरतो. पुसायला साबणाचं पाणीच वापरावं. बाजारातली बरीच तयार पिकगार्ड पीव्हीसीची असतात. ती लेझरखाली कधीही घालू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा घातक वायू निघतो.

बसवल्यावर बोट घासलं की अँपमधून चरचर येते, ती साठलेल्या स्थिर विजेची. पिकगार्डच्या पाठीला अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवून ती अर्थला जोडली की आवाज बसतो.

नवख्याने सुरुवात ट्रस रॉडच्या, म्हणजे मानेतल्या सळईच्या, झाकणापासून करावी. अंगठ्याएवढा तुकडा, दोनतीन भोकं, बिघडलं तर दुसरा. मी ते केलं नाही. माझ्या गिटारवर आज आहे ते तिसरं पिकगार्ड.