आधी मंडळी, मग चर्च!
सातारा-सांगलीतील जुन्या चर्चची जडणघडण

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील जुन्या चर्चचा विषय निघाला की महाबळेश्वर-पाचगणीच्या इंग्रजकालीन वास्तू डोळ्यांसमोर उभ्या राहतात. मात्र, येथील मराठी ख्रिस्ती समाजाची मुळे प्रामुख्याने मिशनच्या शाळांत आणि दवाखान्यांत आहेत. गावातील जुन्या चर्चचा इतिहास समजून घ्यायचा, तर तीन वेगवेगळे प्रवाह ध्यानात घ्यावे लागतात.

गिरिस्थानांवरील चर्च

पहिला प्रवाह अँग्लिकन पंथाचा. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम (१८२७-३०) यांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार करून महाबळेश्वरी माल्कमपेठ वसवली. पुढे १८६०च्या दशकात पाचगणीची उभारणी जॉन चेसन यांच्या देखरेखीखाली झाली. तेथील सेंट पीटर्स चर्चच्या आवारात चेसन यांची कबर आहे. ही चर्च मूलतः इंग्रज अधिकारी व त्यांच्या कुटुंबांसाठी होती.

साताऱ्याची मंडळी

दुसरा प्रवाह अमेरिकन मराठी मिशनचा. १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला पोहोचलेल्या या मिशनने १८४९ मध्ये साताऱ्यात कायमचे ठाणे केले. छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांचे १८४८ मध्ये निधन झाल्यानंतर सातारचे राज्य खालसा झाले, तोच हा काळ. हे मिशन काँग्रिगेशनल परंपरेचे. या परंपरेत 'चर्च' म्हणजे इमारत नव्हे, तर श्रद्धावंतांची मंडळी. आपला पाळक निवडण्याचा अधिकारही मंडळीचाच. त्यामुळे खेड्यांत आधी शाळा निघे, तिच्याच खोलीत रविवारची उपासना होई आणि स्वतंत्र वास्तू बऱ्याच उशिरा उभी राही.

सांगली-मिरजेचा प्रवाह

तिसरा प्रवाह कोल्हापूरमार्गे आला. रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये तेथे सुरू केलेले काम १८७०च्या सुमारास अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. १८८४ मध्ये सांगलीत ठाणे झाले आणि १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले. प्रेस्बिटेरियन परंपरेत मंडळीचा कारभार निवडून दिलेले 'वडील' पाळकासमवेत पाहतात.

मिशन परदेशी असले, तरी उपासना मराठी झाली. या बदलात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा मोठा वाटा होता. भजन, अभंग आणि कीर्तन हे प्रकार त्यांनी ख्रिस्ती उपासनेत रुजवले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. पंथ आणि मिशन यांच्या चौकटीबाहेर, भारतीय वळणाचा ख्रिस्तभक्तांचा मेळावा उभा राहावा, हा त्यामागील हेतू होता.

पंथभेदाच्या भिंतीही पुढे खाली आल्या. काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या १९२४ मध्ये संयुक्त चर्चमध्ये एकत्र आल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'ची स्थापना झाली आणि अँग्लिकनांसह एकूण सहा चर्चसंस्था तिच्यात सामील झाल्या. रोमन कॅथॉलिक चर्च या एकीकरणाबाहेर राहिले. बिशपचे पद, वडिलांची समिती आणि मंडळीचा आवाज या तिन्ही परंपरांना नव्या रचनेत स्थान मिळाले.

नोंदवह्यांचे मोल

एवढा इतिहास गावपातळीवर टिकून राहतो तो मुख्यतः कागदावर. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या चर्चमध्ये ठेवल्या जातात. विवाहांच्या नोंदी तर भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ नुसार बंधनकारक आहेत. ज्या कुटुंबांकडे जमीन नव्हती, त्यांची नावे सातबारा किंवा इनामपत्रांत सापडत नाहीत. दुष्काळात आईवडील गमावून मिशनच्या आश्रयाला आलेल्या मुलांच्या वंशजांना तर मागचा माग काढण्यासाठी अशा वहीतील एखादी ओळच आधार ठरू शकते.

चर्चचे छप्पर नव्याने घालता येते, भिंतीला गिलावा करता येतो. वाळवी लागलेले किंवा पावसात भिजलेले पान मात्र पुन्हा लिहिता येत नाही. त्यामुळे वास्तूच्या जीर्णोद्धारासाठी निधी उभारताना नोंदवह्यांची छायाचित्रे काढून त्यांच्या प्रती दुसऱ्या ठिकाणी जपून ठेवणे तितकेच निकडीचे आहे. आधी मंडळी आणि मग चर्च, हा येथील इतिहासाचा क्रम होता. जतनाच्या कामातही तोच क्रम पाळला गेला, तर मंडळीची नावे इमारतीइतकीच टिकतील.