हाय स्ट्रीटवरची दुकाने का बंद पडली? एकट्या मोबाइलला दोष देऊन चालणार नाही

ब्रिटनमधल्या जवळपास प्रत्येक शहरात एक मुख्य बाजाररस्ता असतो. त्याला तिथे ‘हाय स्ट्रीट’ म्हणतात. कपडे, भांडी, खेळणी, औषधे, बँक, पोस्ट, सगळे एका रांगेत. पुण्याचा लक्ष्मी रोड किंवा नागपूरची सीताबर्डी डोळ्यांसमोर आणली तर अंदाज येईल. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या रस्त्यांवरची नावाजलेली दुकाने एकामागून एक बंद झाली. कारण विचारले की बहुतेक जण एकच उत्तर देतात : लोक आता ऑनलाइन खरेदी करतात.

हे उत्तर खरे आहे, पण अर्धेच. अर्धे उत्तर अनेकांच्या सोयीचे असते, कारण त्यात कुणाचीच जबाबदारी उरत नाही. बदल आपोआप आला, त्यात लोक भरडले गेले, कोण काय करणार! उद्या आपल्या बाजारपेठांबद्दलही हेच ऐकवले जाईल. म्हणून ब्रिटनमध्ये नेमके काय घडले हे आपल्या तरुणांनी समजून घेणे गरजेचे आहे, असे आम्हाला वाटते.

ऑनलाइनचा वाटा किती?

ब्रिटनच्या सरकारी आकडेवारीनुसार २००८ मध्ये एकूण किरकोळ विक्रीत ऑनलाइनचा वाटा सुमारे ५ टक्के होता. २०१९ पर्यंत तो सुमारे १९ टक्के झाला. कोरोनाच्या टाळेबंदीत, २०२१ च्या सुरुवातीला, तो एक तृतीयांशाच्याही वर गेला आणि नंतर उतरून साधारण पाव हिश्श्यावर स्थिरावला. कपडे आणि पुस्तकांसारख्या मालात हा वाटा बराच जास्त आहे.

पाव हिस्सा गेला म्हणून दुकान का बुडावे? याचे कारण दुकानाच्या हिशोबात आहे. शंभरातले वीस गिऱ्हाईक कमी झाले म्हणून दुकानाचे भाडे वीस टक्क्यांनी कमी होत नाही. वीज, पगार, कर तेवढेच राहतात. नफा मुळातच थोडा असतो, तो आधी जातो आणि मग तोटा सुरू होतो. ज्याच्याकडे गाठीला पैसा आहे, तो अशा काळात दुकान बदलतो, नवीन पद्धत आणतो. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, तो बुडतो. म्हणून खरा प्रश्न असा, की हे कर्ज आले कुठून?

दुकानांखालची जमीन कुणी विकली?

वूलवर्थ्स हे स्वस्त घरगुती वस्तूंचे दुकान १९०९ पासून ब्रिटनमध्ये होते. कामगार कुटुंबांचे हे हक्काचे दुकान. २००१ मध्ये ही कंपनी तिच्या मूळ मालक-कंपनीपासून वेगळी काढण्यात आली. त्याच सुमारास तिच्या मालकीच्या १८२ दुकानांच्या इमारती ६१ कोटी पौंडांहून अधिक किमतीला विकल्या गेल्या आणि त्याच इमारतींत वूलवर्थ्स भाडेकरू म्हणून राहिली. विक्रीचा पैसा वर गेला आणि भाड्याचा बोजा दुकानांवर आला. ब्रिटनमधल्या अनेक व्यापारी भाडेकरारांत दर पाच वर्षांनी भाडे वाढू शकते, कमी मात्र होत नाही. २००८ च्या मंदीत कंपनी कोसळली. जानेवारी २००९ पर्यंत ८०७ दुकाने बंद झाली आणि सुमारे २७ हजार लोकांचे काम गेले. तेव्हा ऑनलाइनचा वाटा अवघा ५ टक्के होता, हे लक्षात घ्या.

डेबनहॅम्सची कथाही तशीच. १७७८ पासूनचा हा व्यवसाय २००३ मध्ये गुंतवणूकदार कंपन्यांनी विकत घेतला. २००५ मध्ये २३ दुकानांच्या इमारती विकून पुन्हा भाड्याने घेतल्या गेल्या. २००६ मध्ये कंपनी पुन्हा शेअर बाजारात आली, ती शंभर कोटी पौंडांहून अधिक कर्ज घेऊनच. २०२१ मध्ये शेवटची दुकाने बंद झाली. बूहू या ऑनलाइन कंपनीने साडेपाच कोटी पौंडांत फक्त नाव आणि वेबसाइट घेतली. दुकाने आणि कामगार तिला नको होते.

बीएचएस ही साखळी २०१५ मध्ये अवघ्या एका पौंडाला विकली गेली आणि पुढच्याच वर्षी बंद पडली. सुमारे ११ हजार लोकांचे काम गेले. कामगारांच्या पेन्शन निधीत ५७ कोटी पौंडांची तूट निघाली. त्याआधीच्या वर्षांत मालक कुटुंबाने कोट्यवधी पौंडांचा लाभांश घेतला होता. संसदेच्या समित्यांनी चौकशी केली, तेव्हा २०१७ मध्ये आधीच्या मालकाने ३६ कोटी पौंडांच्या आसपास रक्कम पेन्शनसाठी भरली. लोकांनी आवाज उठवला, संसदेने जाब विचारला, म्हणून एवढे तरी मिळाले.

कराचा काटा कुणाकडे झुकला?

इंग्लंडमध्ये दुकानांवर ‘बिझनेस रेट्स’ नावाचा मालमत्ता कर असतो. विक्री किती झाली यावर तो ठरत नाही, जागेच्या अंदाजे भाड्यावर ठरतो. भर बाजारातल्या जागेचे भाडे जास्त, म्हणून करही जास्त. शहराबाहेरच्या मोठ्या गोदामाला त्याच क्षेत्रफळासाठी खूपच कमी कर पडतो. त्यात भर म्हणजे २०१० चे मूल्यांकन मंदीपूर्वीच्या २००८ च्या भाड्यांवर आधारलेले होते आणि पुढचे मूल्यांकन २०१५ ऐवजी २०१७ ला झाले. मंदीत भाडी पडली, तरी अनेक शहरांतल्या दुकानदारांनी चढ्या भाड्यांच्या हिशोबाने कर भरला. छोट्या दुकानांना सवलत आहे, पण मधल्या दुकानांची कोंडी झाली.

नुकसान कुणाचे झाले?

दुकाने बंद झाली तेव्हा सर्वाधिक फटका तिथे काम करणाऱ्यांना बसला. त्यांत महिला मोठ्या संख्येने होत्या. घराजवळ, अर्धवेळ, मुलांची शाळा सांभाळून करता येईल असे ते काम होते. गोदामातली पाळी त्याची जागा सहज घेत नाही. वृद्ध, अपंग, रोखीने व्यवहार करणारे यांचीही अडचण झाली, कारण त्याच रस्त्यांवरच्या बँकांच्या शाखाही हजारोंनी बंद झाल्या.

नव्या कामाच्या ठिकाणी संघटना उभी करणेही सोपे नाही. कॉव्हेंट्री इथल्या अॅमेझॉनच्या गोदामातल्या कामगारांनी जानेवारी २०२३ मध्ये संप केला. ब्रिटनमधला अॅमेझॉन कामगारांचा हा पहिला अधिकृत संप. पुढच्या वर्षी युनियनच्या मान्यतेसाठी मतदान झाले, ते थोडक्या मतांनी हरले.

काही बदल मात्र लोकांच्या आणि कायद्याच्या बळावर झाले. इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्याने गावकऱ्यांना आपले दुकान किंवा सभागृह ‘सामुदायिक मालमत्ता’ म्हणून नोंदवता येते. ते विकायला निघाले तर पैसे उभे करून बोली लावायला वेळ मिळतो. डिसेंबर २०२४ पासून दीर्घकाळ रिकाम्या पडलेल्या दुकानांचा भाडेपट्टा लिलावाने देण्याचा अधिकार स्थानिक परिषदांना मिळाला आहे.

आपण काय शिकायचे?

आपल्याकडेही वस्तीतला तरुण आज भिवंडीच्या गोदामात माल उचलतो, दुचाकीवरून घरपोच सामान देतो आणि त्याचीच आई भाजीची हातगाडी लावते. एकाच घरात बाजाराची दोन्ही टोके आहेत. त्यामुळे ‘ऑनलाइन चांगले की वाईट’ या वादात आपण अडकू नये. जागा कुणाची, कर कुणावर, नफा कुठे जातो आणि कामगाराला संरक्षण काय, हे चार प्रश्न विचारावेत.

त्यासाठी साधने आहेत. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात. त्या प्रतिनिधींत एक तृतीयांश महिला हव्यात आणि अनुसूचित जाती-जमातींनाही योग्य प्रतिनिधित्व हवे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची कायद्यात प्रथमच दखल घेतली. आपल्या शहरात ही समिती आहे का, तिच्यात आपल्या माणसांची निवड झाली आहे का, वस्तीतल्या डिलिव्हरी करणाऱ्या तरुणांची ई-श्रमवर नोंदणी झाली आहे का, याची चौकशी कार्यकर्त्यांनी या महिन्यातच सुरू करावी. बाजार बदलणारच आहे. तो कुणाच्या अटींवर बदलेल, हे ठरवले जात असताना आपण तिथे हजर असले पाहिजे.